गुलामी संपली, मालक तिथंच होता

१८६५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटनहून एक पत्र टेनेसीतल्या बिग स्प्रिंगला गेलं. पाठवणारा जॉर्डन अँडरसन, ज्याला पाठवलं तो कर्नल पी. एच. अँडरसन. आडनाव एकच असलं तरी हे भाऊबंद नव्हेत. जॉर्डन हा कर्नलचा गुलाम होता, आणि गुलामाला आडनाव चिकटायचं ते बहुधा मालकाचंच. गुलामीवरून पेटलेलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, टेनेसीत शेतावर राबायला माणसं मिळत नव्हती आणि कर्नल कर्जात होता. त्यानं जॉर्डनला कळवलं होतं की परत ये, दुसरं कुणी वागवणार नाही इतकं चांगलं मी तुला वागवीन.

जॉर्डनचं उत्तर अदबीनं सुरू होतं. तुम्ही मला विसरला नाहीत हे पाहून बरं वाटलं, म्हणतो. मी निघण्याआधी तुम्ही माझ्यावर दोनदा गोळी झाडलीत, तरी तुम्हाला काही इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं, म्हणतो. मग सावकाश मुद्द्यावर येतो. मला इथं महिना २५ डॉलर मिळतात, वर जेवणखाण आणि कपडे. बायको मँडीला इथले लोक 'मिसेस अँडरसन' म्हणतात. मुलं शाळेत जातात. तुम्ही काय पगार द्याल ते लिहा, म्हणजे यायचं की नाही ते ठरवता येईल.

आणि हो, मागची बाकी. मी ३२ वर्षं तुमची चाकरी केली, मँडीनं २० वर्षं. माझे महिना २५ डॉलर आणि तिचे आठवड्याला २ डॉलर धरले तर ११,६८० डॉलर होतात. त्यावर व्याज लावा. त्यातून आमच्या कपड्यांचा खर्च वजा करा, माझ्यासाठी डॉक्टर तीनदा आला त्याचे वजा करा आणि मँडीचा एक दात काढला त्याचेही वजा करा. उरलेली रक्कम ॲडम्स एक्सप्रेस या पार्सल कंपनीतर्फे पाठवून द्या. पत्राच्या शेवटी एक निरोप आहे. जॉर्ज कार्टरला नमस्कार सांगा, आणि तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होता तेव्हा त्यानं तुमच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं त्याबद्दल त्याचे आभार माना.

मला त्या पत्रात सगळ्यात आवडतो तो दात. हिशेब इतका चोख आहे की समोरच्याला तोंड उघडायला जागा नाही. ३२ वर्षांच्या चाकरीत मालकानं माणसावर खर्च काय केला, तर तीन डॉक्टर आणि एक दात. पत्र जॉर्डननं तोंडी सांगितलं आणि दुसऱ्यानं लिहून घेतलं. ते त्याच महिन्यात वर्तमानपत्रांत छापून आलं. इतकं टोकदार पत्र गुलामीतून आलेल्या माणसाचं असेल का, अशी शंका लोकांनी घेतली. पण जॉर्डन खरोखर डेटनमध्ये राहत होता आणि तिथंच १९०७ साली वारला, हे जनगणनेच्या आणि दफनाच्या नोंदींत सापडतं.

टोमण्याच्या खाली मात्र एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. पत्रात तो विचारतो की माझ्या मिली आणि जेन आता मोठ्या झाल्यात, दिसायला चांगल्या आहेत, तिथं त्या सुरक्षित राहतील का? मटिल्डा आणि कॅथरिनचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. मालकाच्या पोरांच्या हातून माझ्या मुलींची अब्रू जाण्यापेक्षा मी इथं उपाशी मरेन. दोघांना जे ठाऊक आहे ते तो उघड लिहीत नाही, पण कर्नलला ते बरोबर कळावं असं लिहितो.

आता प्रश्न असा, की गोळ्या झाडणाऱ्या माणसाला आपला जुना गुलाम परत येईल असं वाटलंच कसं? त्याचं उत्तर कर्नलच्या स्वभावात शोधण्यापेक्षा तेव्हाच्या परिस्थितीत शोधलेलं बरं. कारण हजारो लोक खरंच परत गेले, किंवा मुळात कुठं गेलेच नाहीत.

अमेरिकेत गुलामी टप्प्याटप्प्यानं संपली. १ जानेवारी १८६३चा राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा देशातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांपुरता होता. देशभर गुलामी संपली ती डिसेंबर १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं. युद्धाच्या सुरुवातीला जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती. कायद्यानं एक मोठी गोष्ट केली, की माणूस ही कुणाची मालमत्ता राहिली नाही. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. मोकळा झालेला माणूस उभा होता ती जमीन मालकाची, झोपत होता ते खोपट मालकाचं, नांगर आणि खेचर मालकाचं. कोर्टात बसणारे मालकाचे सोयरे. इतकंच कशाला, आपला जन्म कधी झाला आणि आपली आई कुणाला विकली गेली हे लिहून ठेवलेली वहीसुद्धा मालकाच्या कपाटात.

म्हणून गुलाम आणि जुना मालक यांचं नातं समजून घ्यायचं तर आधी एक विचारावं, की या माणसाला हवी असलेली कुठली गोष्ट अजून त्या माणसाच्या हातात आहे? राग, प्रेम, माफी, कृतज्ञता या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या. पण त्या या प्रश्नाच्या पोटात होत्या.

जमिनीपासून सुरुवात करू. जानेवारी १८६५मध्ये उत्तरेच्या सैन्यातले जनरल शर्मन यांनी साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची, मालक सोडून पळाले होते ती जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना देण्याचा हुकूम काढला. कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. हजारो लोक तिथं वसले, पेरण्या झाल्या. एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला. नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर जमीनदारांना माफी दिली, आणि माफीबरोबर जमिनीही परत दिल्या. लोकांना हे सांगायचं नकोसं काम जनरल हॉवर्ड यांच्यावर आलं. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी नेमलेल्या फ्रीडमेन्स ब्युरो या सरकारी खात्याचे ते प्रमुख होते. ऑक्टोबर १८६५मध्ये ते एडिस्टो बेटावर गेले आणि लोकांना म्हणाले की जुन्या मालकांना माफ करा, त्यांच्याशी जुळवून घ्या, त्यांच्याकडे काम करा.

बेटावरच्या लोकांनी आपल्यातल्या तिघांची समिती नेमून लेखी उत्तर दिलं. हॉवर्ड यांचा उजवा हात १८६२च्या लढाईत गेला होता. उत्तराचा आशय असा: तुम्ही माफ करायला सांगता. तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्ही कदाचित माफ कराल. पण ज्यानं मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि त्याचंच शेत त्याच्याच भावात केल्याशिवाय जो मला त्याच्या रिकाम्या खोपटातही राहू देत नाही, त्या माणसाला मी सहजासहजी माफ करू शकत नाही.

यात मागच्या मारापेक्षा आत्ताच्या अडवणुकीवर जास्त शब्द खर्च झालेत. फटके भूतकाळातले आहेत. खोपट, मजुरीचा भाव, जमीन मिळू न देणं हे सगळं चालू आहे. ज्याच्याशी रोजचा व्यवहार संपलेलाच नाही त्याला माफ करायला सांगणं म्हणजे, सरळ सांगायचं तर, त्यानं ठरवलेला भाव कबूल करायला सांगणं होतं. पुढं दक्षिणेत बटाईची शेती पसरली: जमीन मालकाची, बी-बियाणं मालकाकडून उधार, पीक आलं की हिशेब मालकाच्या वहीत, आणि वर्षअखेर देणं निघायचं ते राबणाऱ्याकडूनच. कर्जाच्या वहीचा हा प्रकार आपल्याकडच्या वाचकाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

मुलांची गोष्ट जमिनीहून जास्त चटका लावणारी आहे. गुलामीत मूल आईच्या मालकाचं असायचं, मग बाप दुसऱ्या मळ्यावर असो की मोकळा असो. स्पॉट्सवुड राइस हा मिसुरीतल्या तंबाखूच्या मळ्यावरचा गुलाम होता. १८६४मध्ये तो उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. मिसुरी हे बंडखोर राज्य नसल्यामुळे लिंकन यांचा जाहीरनामा तिथं लागू नव्हता. त्यामुळे बाप सरकारी सैनिक आणि मुलगी मेरी अजून किटी डिग्ज नावाच्या बाईची गुलाम, असा प्रकार झाला. सप्टेंबरमध्ये सेंट लुइसच्या लष्करी इस्पितळातून त्यानं त्या बाईला पत्र लिहिलं. मुलगी ही मला देवानं दिलेली आहे. जितके दिवस तिला अडवून ठेवाल तितके दिवस नरकात जळाल. मी एकदा माझ्याच मुलीसाठी तुम्हाला ४० डॉलर देऊ केले होते, तुम्ही घेतले नाहीत ते बरंच झालं. आता मी काळ्या सैनिकांची फौज घेऊन तुमच्या गावातून येणार आहे, बघू मुलगी कुणाची आहे.

जॉर्डनच्या पत्राशेजारी हे ठेवून पाहा. जॉर्डनची मुलं त्याच्याजवळ होती, म्हणून त्याला टोमणा परवडला. राइसची मुलगी समोरच्याच्या ताब्यात होती आणि त्याच्या अंगावर सैन्याचा गणवेश होता, म्हणून त्याची भाषा धमकीची. मुलगी बाईकडे आहे आणि गणवेशही नाही, अशा बापाची भाषा विनवणीचीच असणार, आणि ती विनवणी वाचणाऱ्याला पुढं 'प्रेमळ पत्र' वाटणार.

युद्ध संपल्यावरही हा प्रश्न सुटला नाही. मिसिसिपीनं १८६५च्या नोव्हेंबरमध्ये कायदा केला, की ज्या काळ्या मुलांना आईबाप नाहीत किंवा ज्यांचे आईबाप पोसू शकत नाहीत त्यांना कोर्टानं 'उमेदवार' म्हणून कुणाकडे तरी कामाला बांधून द्यावं. कुणाकडे? कायद्यात लिहिलं होतं की जुन्या मालकाला प्राधान्य. पोसण्याची ऐपत आहे की नाही हे ठरवणार कोर्ट, आणि कोर्ट कुणाचं ते वर आलंच आहे. मेरीलँडमध्ये १ नोव्हेंबर १८६४ला गुलामी संपली आणि त्याच आठवड्यात मुलांना गाड्यांत भरून कोर्टात नेऊन जुन्या मालकांकडे बांधून देण्याची झुंबड उडाली. टॅलबट परगण्यातली एलिझाबेथ टर्नर ही त्यातलीच एक. तिचा खटला वरपर्यंत गेला आणि १८६७ साली सरन्यायाधीश चेस यांनी हे करारपत्र म्हणजे सक्तीची चाकरीच आहे असं म्हणून ते रद्द केलं. मधली तीन वर्षं मात्र ती तिथंच राबली.

माहितीची गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. विकल्या गेलेल्या आईचा, भावाचा, लेकराचा शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करणार? गुलामांची लग्नं कायद्यात नव्हती, जन्माच्या सरकारी नोंदी नव्हत्या, आडनावं बदलत गेली होती. मालकाचं नाव हाच पत्ता. युद्धानंतर काळ्या लोकांच्या आणि चर्चच्या वर्तमानपत्रांत नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती येऊ लागल्या, त्या कितीतरी वर्षं चालल्या. त्यातली बहुतेक वाक्यं अशी: मी अमक्याची होते, त्यानं मला तमक्याला विकलं, माझी आई अमक्याकडे राहिली. ज्या माणसानं घर मोडलं त्याचंच नाव घर शोधायला छापावं लागत होतं. काहींनी थेट जुन्या मालकिणीला आदरानं पत्र लिहून विचारलं की माझ्या मुलाला तुम्ही कुणाला दिलंत तेवढं कळवा. त्या पत्रातली नम्रता प्रेमाची समजायची का गरजेची? बहुतेक वेळा दोन्ही समजायला हरकत नाही, पण गरज आधी धरावी.

प्रेम नव्हतंच असं म्हणून चालणार नाही. एलिझाबेथ केकली यांचं उदाहरण घ्या. पुढं त्या लिंकन यांच्या पत्नीच्या कपडे शिवणाऱ्या आणि विश्वासातल्या बाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. जन्म १८१८चा, व्हर्जिनियातला, गुलामीतला. बाप कोण, तर मालक आर्मिस्टेड बर्वेल. म्हणजे मालकाची मुलगी ॲन ही एलिझाबेथची सावत्र बहीण, आणि मोठेपणी तीच तिची मालकीण. सेंट लुइसमध्ये असताना या मालकिणीच्या घराला उतरती कळा लागली, तेव्हा केकलींनी शिवणकाम करून दोन वर्षं पाच महिने १७ माणसांचं पोट भरलं. हा आकडा त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय. १८५५मध्ये त्यांनी स्वतःची आणि मुलाची किंमत म्हणून १,२०० डॉलर भरले आणि सुटल्या.

युद्धानंतर त्या याच कुटुंबाला भेटायला व्हर्जिनियाला गेल्या, आवर्जून. गळाभेटी झाल्या, रात्र रात्र गप्पा झाल्या. उत्तरेतल्या मैत्रिणींना ते पटेना. एकदा बोलता बोलता ॲन यांनी विचारलं, माझ्याबद्दल तुझ्या मनात काही किल्मिष आहे का? केकली म्हणाल्या, एकच आहे, तुम्ही मला चांगलं शिक्षण दिलं नाहीत. त्यावर ॲन यांनी कबुली दिली, की तुला शिकवायला हवं होतं हे खरं. पण आम्ही एवढं शिकूनही तू जगात आमच्यापेक्षा पुढं गेलीस.

केकलींवर झालेल्या मारहाणीची आणि एका गोऱ्या माणसानं केलेल्या वर्षानुवर्षांच्या लैंगिक जबरदस्तीची हकिगत त्यांच्याच १८६८च्या पुस्तकात आहे. ते सगळं लिहिणारी बाई त्याच पुस्तकात या भेटीबद्दल आनंदानं लिहिते. यात विसंगती शोधायला गेलं तर सापडेल, पण मला ती फारशी वाटत नाही. ती त्यांची रक्ताची माणसं होती आणि लहानपणीची दुसरी कुठलीच माणसं उरली नव्हती. शिवाय त्या भेटीला गेल्या त्या स्वतःच्या पैशानं, राष्ट्राध्यक्षांच्या घरात वावरलेली बाई म्हणून. परतीचं तिकीट आपल्या हातात असलं की माणसाला माया दाखवता येते.

तिकीट हातात नसलं की काय होतं, याचा एक दाखला कागदोपत्री आहे. १९३६ ते १९३८ या काळात सरकारनं गुलामीत जन्मलेल्या, तेव्हा जिवंत असलेल्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. घेणारे बहुतेक गोरे, कधी कधी त्याच गावातल्या जुन्या मालकांच्या घरातले. महामंदीचे दिवस होते. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात सुझन हॅमलिन या वृद्धेची मुलाखत दोनदा झाली. पहिल्यांदा गोरी बाई आली. ती सरकारी मदत वाटणाऱ्या खात्याची आहे असा सुझन यांचा समज झाला. मालक कसे होते? फार चांगले होते, असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा काळा मुलाखतकार आला. आता फटक्यांच्या गोष्टी निघाल्या, आणि रात्री लग्न लागलेल्या जोडप्यातली बायको सकाळी मालकानं विकून टाकली, ती गोष्टही निघाली.

म्हणून 'आमचा मालक देवमाणूस होता' असं वाक्य जुन्या कागदात सापडलं की ते लगेच खोटं ठरवू नये आणि लगेच खरंही मानू नये. ऐकणारा कोण होता, बोलणाऱ्याचं त्याच्याकडे काय अडलं होतं, ते आधी बघावं. गंमत म्हणजे मेरी, म्हणजे त्या स्पॉट्सवुड राइसची मुलगी, तिचीही मुलाखत याच कामात १९३७ साली सेंट लुइसमध्ये झाली. वय ८५. बापाचा पलटणीतला पराक्रम ती अभिमानानं सांगते. किटी डिग्जबाईंनी सातव्या वर्षीच दुसऱ्याची पोरं सांभाळायला भाड्यानं दिल्याचंही सांगते.

या सगळ्यात सगळ्यात जास्त चर्चा झालेली जोडी म्हणजे फ्रेडरिक डग्लस आणि त्यांचे जुने मालक थॉमस ऑल्ड. मेरीलँडच्या त्याच टॅलबट परगण्यात डग्लस १८१८मध्ये जन्मले आणि सप्टेंबर १८३८मध्ये बाल्टिमोरहून पळाले. पुढं ते गुलामीविरोधी चळवळीतले सगळ्यात मोठे वक्ते झाले. १८४८मध्ये, पळाल्याच्या दहाव्या वर्षी, त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात जुन्या मालकाला जाहीर पत्र लिहिलं. सूर जळजळीत. माझ्या बहिणी कुठं आहेत? आजीला म्हातारपणी जनावरासारखं रानात मरायला का सोडलंत? उद्या मी रात्री तुमच्या घरात शिरून तुमची मुलगी अमँडा पळवून नेली, तिला गुलाम केली, तर तुम्ही मला काय म्हणाल? आणि शेवटी, व्यक्ती म्हणून तुमच्याबद्दल माझ्या मनात वैर नाही, माझ्या छपराखाली तुम्ही सुरक्षित असाल.

आजीबद्दलचा आरोप चुकीचा होता. ऑल्ड यांनी तिला आपल्या घरी आणून सांभाळलं होतं. हे कळल्यावर डग्लस यांनी पुढच्या वर्षी जाहीर दुरुस्ती केली. ज्यानं आपल्याला मारकुट्या माणसाकडे 'वठणीवर आणायला' भाड्यानं दिलं, त्याच्याबद्दल एक वाक्य चुकलं म्हणून दुरुस्ती छापणारा माणूस किती खमका असेल!

जून १८७७. डग्लस आता वॉशिंग्टनमधले फेडरल मार्शल, म्हणजे केंद्रीय कोर्टांचे हुकूम अमलात आणणारे अधिकारी. ते मेरीलँडमधल्या सेंट मायकेल्सला आले असताना निरोप आला, की कॅप्टन ऑल्ड अंथरुणाला खिळले आहेत, भेटायला याल का. डग्लस गेले. ऑल्ड म्हणाले, "मार्शल डग्लस." डग्लस म्हणाले, मार्शल नको, तुमच्यासाठी पूर्वीसारखा फ्रेडरिकच. हात हातात घेतल्यावर म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात कंपवातानं थरथरत होते. डग्लस यांनी विचारलं, मी पळालो तेव्हा तुम्हाला काय वाटलं? ऑल्ड म्हणाले, तू गुलाम म्हणून राहण्याइतका साधा नाहीस हे मला माहीत होतं, तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. डग्लस म्हणाले, मी तुमच्यापासून पळालो नाही, गुलामीपासून पळालो. मग त्यांनी जन्मतारीख विचारली. आयुष्यभर त्यांना ती ठाऊक नव्हती. ऑल्ड यांनी सांगितलं, फेब्रुवारी १८१८. सगळी भेट वीसेक मिनिटांची.

वर्तमानपत्रांनी हे उचलून धरलं, बघा, सगळं विसरून गळ्यात गळे. काळ्या समाजातल्या अनेकांना भेट आवडली नाही. पण मला या वीस मिनिटांत दिलजमाईपेक्षा दुसरंच काही दिसतं. ऑल्ड यांनी पाठवलेल्या निरोपावर येणं-न येणं डग्लस यांच्या मर्जीवर होतं. 'फ्रेडरिक' म्हणायची परवानगी त्यांनी दिली. पूर्वी ती कुणी मागितली नव्हती. शेवटी त्यांनी मागून घेतलं ते त्यांचंच होतं आणि मालकाकडे राहिलं होतं: जन्माचा महिना.

उलट्या बाजूचा नमुनाही आहे. गुलामीत जन्मून पुढं काळ्या समाजाचे शिक्षक-पुढारी झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात ओहायोत भेटलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितलीये. गुलामीत असताना त्यानं मालकाशी करार केला होता की मी बाहेर काम करून माझी किंमत हप्त्यांनी फेडीन. मुक्ती आली तेव्हा ३०० डॉलर बाकी होते. कायद्यानं आता एक छदामही लागत नव्हता. तरी हा गडी बराचसा रस्ता पायी तुडवत व्हर्जिनियाला गेला आणि व्याजासकट पैसे मालकाच्या हातात ठेवून आला, कारण शब्द दिला होता. वॉशिंग्टन हे कौतुकानं सांगतात. मला ते वाचून गुदमरल्यासारखं होतं. त्या माणसाचा मोठेपणा मान्य, पण पैसे मोजून घेणाऱ्या हाताबद्दल वॉशिंग्टन काहीच बोलत नाहीत.

तो हात सरकारांनीही भरला होता. ब्रिटननं १८३३च्या कायद्यानं आपल्या वसाहतींतली गुलामी संपवताना मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ साली फिटला. गुलामांना भरपाई शून्य, वर काही वर्षं फुकट काम सक्तीचं. वॉशिंग्टन शहरात एप्रिल १८६२मध्ये गुलामी संपली तेव्हा मालकांना माणसामागे ३०० डॉलरपर्यंत मिळाले. मुक्त झालेल्यांसाठीही तरतूद होती: देश सोडून जाणार असाल तर १०० डॉलरपर्यंत.

जॉर्डन अँडरसनला ११,६८० डॉलर कधीच मिळाले नाहीत. पण एका बाईनं कोर्टात जाऊन जुन्या मालकाकडून पैसे काढले. हेन्रिएटा वुड केंटकीत गुलामीत जन्मली. १८४८मध्ये मालकिणीनं तिला, गुलामी नसलेल्या ओहायोतल्या सिनसिनाटीला आणून रीतसर मुक्त केलं. पाच वर्षं ती मोकळी राहिली. मालकिणीच्या मुलीला आणि जावयाला वाटत होतं की आपली मालमत्ता हातची गेली. त्यांनी तिच्यावरचा हक्क झेब्युलन वॉर्ड नावाच्या केंटकीतल्या उपशेरीफला ३०० डॉलरला विकला. १८५३च्या एप्रिलमध्ये वुड जिच्याकडे कामाला होती त्या बाईनंच तिला फिरायला जाऊ म्हणून बग्गीत बसवलं. पडदे ओढलेली बग्गी ओहायो नदी ओलांडून केंटकीत गेली. पलीकडे वॉर्डची माणसं उभी होती.

वॉर्डनं तिला पुढं विकली. ती मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर पोचली. तिथं मुलगा झाला, आर्थर. १८६३मध्ये लिंकन यांचं सैन्य जवळ आलं तेव्हा मळेवाल्यानं आपल्या गुलामांना, तिच्यासकट, टेक्ससला हाकत नेलं, म्हणजे मुक्ती तिथवर लवकर पोचायची नाही. युद्धानंतर त्याच मळेवाल्यानं तिच्याशी तीन वर्षांचा करार केला, महिना १० डॉलरचा. ते पैसे कधी मिळालेच नाहीत, असं तिनं नंतर सांगितलं.

१८६९मध्ये ती सिनसिनाटीला परतली आणि पुढच्या वर्षी वॉर्डवर २०,००० डॉलरचा दावा लावला. एव्हाना वॉर्ड गब्बर झाला होता. पैसा कुठून आला, तर राज्याचे तुरुंग ठेक्यानं घेऊन कैद्यांना राबवण्यातून. धंदा बदलला होता असं म्हणणं अवघड आहे. खटला रखडला. मधे तिच्या वकिलाचा खून झाला. अखेर १८७८च्या एप्रिलमध्ये बारा गोऱ्या ज्युरींनी निकाल तिच्या बाजूनं दिला: २,५०० डॉलर. मागणीच्या एक अष्टमांश. तरीही गुलामीच्या भरपाईपोटी अमेरिकन कोर्टानं दिलेली ही आजवर माहीत असलेली सगळ्यात मोठी रक्कम आहे.

वॉर्डनं फेरविचारासाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला आणि त्यानं १८७९मध्ये पैसे मोजले. पुढं तो गप्पांत फुशारकी मारायचा, की गुलामासाठी पैसे मोजणारा शेवटचा अमेरिकन मीच. वुड मुलाला घेऊन शिकागोला गेली. आर्थर सिम्स १८८९मध्ये तिथं कायद्याची पदवी घेऊन वकील झाला.